खाडीचा वास

सप्ताहाचे सहा दिवस देवळातला कर्णा मुका होता. गावाला वीज देणारे जिवाणू खाडीच्या चिखलात राहत. देवाच्या दारात सडक्या अंड्यांचा वास नको, म्हणून गणू तांडेलाने तो चिखल उपसला. हवा लागताच जिवाणू निपचित पडले आणि वीज गेली.

“अरे भक्ता, तो वास म्हणजेच त्यांचा श्वास!” कीर्तनकार बुवा हसले. गणूने खाली मान घालून चिखल परत लोटला, जिवाणूंना खायला वर निर्माल्य घातलं.

अनसूयाकाकूंना कर्ण्याशिवाय कीर्तन ऐकू येत नसे. तरी रोज येऊन त्या बुवांचे ओठ पाहत बसत. आज काल्याचं, शेवटचं कीर्तन. बुवांनी अभंग धरला आणि खाडीकडून भपकन तोच वास आला; कर्णा खरखरला.

“काकू, वास सुटला!” गणू ओरडला.

“ओरडू नको मेल्या,” डोळे पुसत काकू म्हणाल्या, “कीर्तन ऐकू दे.”