झोळीवाला

क्रांतीची लेक राजेश्वरी जेवायला लय छळायची. मग क्रांतीनं एक धाक शोधून काढला होता. “खा पटापटा, न्हाईतर झोळीवाला येईल आन् झोळीत घालून न्हेईल बघ!” असं म्हटलं की राजेश्वरीचं तोंड आपसूक उघडायचं.

आज दुपारी जडीबुटी विकणारा एक म्हातारा खरोखरच खांद्याला झोळी अडकवून दारात आला आणि प्यायला पाणी मागू लागला. त्याला बघताच पोर किंचाळली, “आई, ह्यो मला न्ह्यायला आला!” सगळी गल्ली धावली. पोरं पळवणाऱ्यांचे व्हिडिओ आठवडाभर आटपाडीत प्रत्येकाच्या मोबाईलवर फिरतच होते. “आवं थांबा, तसं न्हाई,” एवढं क्रांतीच्या ओठांवर आलं, पण माणसांचा आवेश बघून तिथंच अडकलं. म्हातारा निपचित पडला, तेव्हा कुठं हात थांबले. झोळीतनं मुळ्या निघाल्या, आणि फडक्यात बांधलेली अर्धी भाकरी.

संध्याकाळी क्रांतीनं घास पुढं केला. राजेश्वरीनं एकवार दाराकडं बघितलं.



“आई, झोळीवाल्याला तर मारून टाकलं सगळ्यांनी. आता मी न्हाई जेवले तर कोन येनार?”