नऊ श्रोते

कारेलीबागेतल्या आमच्या भजनी मंडळाला सरकारी मान्यता मिळावी म्हणून मी, सेक्रेटरीनं, अर्ज भरला. त्यात ‘श्रोत्यांची संख्या’ असा रकाना होता. आमच्याकडे श्रोते नव्हतेच. जो येई तो टाळ घेऊन गायलाच बसे. तपासणीला साहेब येणार म्हणून बेसूर गाणाऱ्या नऊ जणांना मी समोर खुर्च्यांवर बसवलं. त्यांतल्या चिमणाबाई चाळीस वर्षं गात होत्या. “मी पण?” त्यांनी विचारलं. “एका गुरुवारपुरतं, काकी.” साहेब खूश झाले. मान्यतापत्र आलं, त्यात ‘श्रोतृवर्ग घडवल्याबद्दल’ मंडळाचं अभिनंदन होतं. पुढच्या गुरुवारी खुर्चीवाल्यांतले आठ आलेच नाहीत. चिमणाबाई आल्या, पण खुर्ची ओढून समोर बसल्या. मी टाळ पुढे केले. “राहू दे ने, धैर्यशील,” त्या गुजराती वळणानं म्हणाल्या. “त्या दिवशी समोरून ऐकलं. मी नसले की भजन किती सुरेल लागतं, कुणी सांगितलंच नाही मला.”