खरखर

जपानहून आलेलं पार्सल तिच्या नवऱ्याने हात साबणाने धुऊन, कोरडे करून मगच उघडलं. आतून तीच रेकॉर्ड निघाली, त्याच्या लाडक्या ट्रम्पेटवाल्याची, त्यांच्या लग्नाच्याही आधीची. घरात तिच्या तीन प्रती होत्याच. ही चौथी, जपान्यांनी नव्याने काढलेली. कव्हरला एक उभी कागदी पट्टी गुंडाळलेली होती. तिच्यावरचं एकही अक्षर त्याला वाचता येत नव्हतं, पण ती जराशी जरी फाटली असती तर त्या दिवशी त्याला अन्न गोड लागलं नसतं.

“एकाच नवरीशी चौथं लग्न,” दंतवैद्य म्हणाला. तो नवऱ्याचा जुना मित्र. नवी रेकॉर्ड आली की ऐकायला यायचं आणि ऐकून झाली की तावातावाने भांडायचं, हा त्याचा शिरस्ता.

“जपानी प्रेसिंग आहे, डॉक्टर. खरखर औषधालाही सापडायची नाही. पण तुला काय कळणार? जन्मभर लोकांच्या दातांवर ड्रिल चालवून तुझे कान कामातून गेलेत.”

“हो, तू एकटा कानसेन,” दंतवैद्य खिडकीबाहेर बघत म्हणाला.

नवरा कव्हरवरची पट्टी न्याहाळतच राहिला. तशी ती हातातलं काम टाकून त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. “ऐकलंत का? कानसेन म्हणताहेत तुम्हाला.”

“म्हणू दे, म्हणू दे,” तो खुशीत हसला.

गेलं वर्षभर ती हेच करत होती. बेल वाजली की “कोण आलंय बघा हो” म्हणत त्याच्या पुढ्यात जायची. फोनवर आधी स्वतः बोलायची. कानाच्या डॉक्टरांना दाखवू या, हे कितीदा तरी ओठांवर यायचं आणि तिथूनच मागे फिरायचं. नकाशे काढायची नोकरी संपल्यावर या माणसाकडे एवढं एकच उरलं होतं. ते गेलं तर हा सकाळी उठणार तरी कशासाठी, या भीतीने तिची जीभच रेटत नव्हती.

त्याने रेकॉर्डवरून मऊ ब्रश फिरवला, सुई टेकवली आणि खुर्चीत बसून डोळे मिटले. एक बाजू संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा या घरचा नियम.

रेकॉर्ड फिरू लागली. स्पीकरमधून काहीच आलं नाही.

तिने भिंतीकडे बघितलं. सकाळी इस्त्री लावायला तिनेच अ‍ॅम्प्लिफायरचा प्लग काढला होता. परत लावायचा राहून गेला. अगदी कान दिला तर सुईपाशी डासाच्या गुणगुणीएवढा ट्रम्पेट ऐकू येत होता, तेवढाच.

दंतवैद्याने सांगायला तोंड उघडलं. मग त्याची नजर मित्राच्या चेहऱ्यावर गेली.

तो ऐकत होता. बोटं गुडघ्यावर ठेका धरत होती. सुईपाशी ती गुणगुण जिथे वर चढली, तिथे बरोबर त्याची भुवई चढली. कुठे एक मात्रा चुकली नाही. सगळं पाठ होतं त्याला.

दंतवैद्याने हळूच तिच्याकडे बघितलं. तिने मान हलवली. नको. उठून गुपचूप प्लग लावावा असंही तिच्या मनात आलं, पण हल्ली आवाजाचं बटण कुठवर नेलेलं असतं ते तिला माहीत होतं. घर हादरलं असतं. ती हात मांडीवर घेऊन बसून राहिली. नवऱ्याच्या चेहऱ्यावरचं ते सुख तिला बघवेना आणि दुसरीकडे बघायचाही धीर होईना.

बाजू संपली तेव्हाच त्याने डोळे उघडले.

“ऐकलंत?” त्याचा चेहरा उजळला होता. “आहे कुठे खरखर? मागे कशी स्वच्छ शांतता आहे बघा. उगाच नाही मी जपानी घेत.”

“खरंय,” दंतवैद्य त्याच्याकडे बघत म्हणाला. “जिंकलास तू.”

नवऱ्याचं हसू ओसरलं. इतक्या वर्षांत हा माणूस एका शब्दात कधी हरला नव्हता. त्याने मित्राकडे बघितलं, मग बायकोकडे. तिने मान खाली घातली. तो सावकाश वळला. अ‍ॅम्प्लिफायरचा दिवा बंद होता.

त्याने वाकून प्लग लावला आणि सुई पुन्हा सुरुवातीला टेकवली. ट्रम्पेट असा कडाडला की दंतवैद्य खुर्चीत दचकला आणि तिचा हात आपोआप कानावर गेला.

तो रेकॉर्डकडे बघतच नव्हता. त्या दोघांकडे बघत होता.

“हां,” तो म्हणाला. “आता लागलं.”

मग तिच्या कपाळावरची आठी जाईपर्यंत तो बटण मागे मागे फिरवत राहिला. आठी गेली तेव्हा थांबला.

दंतवैद्य उठला आणि त्याच्या अगदी समोर येऊन उभा राहिला. त्याने शब्द न् शब्द सुटा उच्चारला.

“खरखर आहे, लेका. चांगली खरखर आहे. फसवलं तुला जपान्यांनी.”

खरखर नव्हती. ट्रम्पेट घरभर स्वच्छ वाजत होता. आता हा चिडेल, ड्रिल काढेल, डॉक्टरचे कान काढेल, म्हणून ती जीव मुठीत धरून वाट बघत राहिली.

“असेल,” नवरा म्हणाला.