बुडालेल्या आनंदीबाई

"पाणी कुठपर्यंत आलंय?" हिराताईंनी विचारलं.

"छातीपर्यंत," पूर्णिमा डोळे मिटूनच म्हणाली.

"साल कुठलं?"

"माहीत नाही."

"एकसष्ट असेल का? पानशेतचा पूर?"

"असेल."

"आणि तुमचं नाव? 'आ'वरून काही येतंय? आनंदी वगैरे?"

थोड्या वेळाने पूर्णिमाला तसंच वाटू लागलं. पुढच्या पाच मिनिटांत आनंदीबाई शनिवार पेठेत बुडाल्या. हिराताईंनी नवी उदबत्ती लावली आणि एसी कमी केला.

पूर्णिमा हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टर होती. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधण्याचा तिला पगार मिळे. पण आज शनिवार होता, सुट्टी होती.

ती आली होती सोनूसाठी. पूर्णिमाला पाण्याची इतकी भीती वाटे की सात वर्षांच्या लेकीला ती बादलीच्या तळाशी चार बोटं पाणी घेऊन आंघोळ घालायची. आता भरलेली बादली दिसली तरी सोनू रडायला लागे. आपली भीती पोरीत उतरलीये हे पूर्णिमाला दिसत होतं, आणि ती कशी काढायची हे कळत नव्हतं.

"ही भीती कधीपासूनची?" पहिल्या दिवशी हिराताईंनी विचारलं होतं.

"लहानपणापासून," प्रश्न संपायच्या आत पूर्णिमा म्हणाली होती.

"मग आपण त्याच्याही मागे, मागच्या जन्मात जाऊन बघू," हिराताई म्हणाल्या होत्या.

आज त्यांनी एका कागदावर पत्ता लिहून दिला. "पुढच्या शनिवारी इथे जा. जिथे बुडालात तिथेच त्या पाण्याचा निरोप घ्या."

"पत्ता कुठून मिळाला?"

"तुम्हीच सांगितलात, संमोहनात. आत्मा विसरत नाही."

घरी तिच्या नवऱ्याने, माधवने, कागद उलटसुलट करून पाहिला.

"मागच्या जन्मीही पुणंच? जरा लांब जाऊन यायचंस."

"चेष्टा नको."

"चेष्टा नाही. एकसष्ट साली बुडालेल्या बाईला पिनकोड कसा पाठ, एवढंच विचारतोय. पिनकोड बहात्तरला आला."

"तुझ्याकडे दुसरा उपाय आहे?"

नव्हता. शेजारच्या खोलीत सोनू बाहुलीला कोरडी आंघोळ घालत होती.

पुढच्या शनिवारी सकाळी पूर्णिमा त्या पत्त्यावर गेली. नवी इमारत, दुसरा मजला. ऐंशी ओलांडलेल्या एका बाईंनी दार उघडलं.

"इथे आनंदीबाई राहायच्या का? पुरात बुडालेल्या?"

"मीच आनंदीबाई. बुडाल्याचं मला कुणी कळवलं नाही."

पूर्णिमाने एकदा कागदाकडे पाहिलं, एकदा बाईंकडे, आणि ती जिन्याकडे वळली.

"हिराने पाठवलंय ना?" मागून बाई म्हणाल्या. "सून आहे माझी. फसवलं तिने तुम्हाला, पण ते माझ्यापायी. चहा घ्या, मग जाऊन खुशाल भांडा तिच्याशी."

चहा झाला. आनंदीबाईंनी सरळच सांगितलं. "मी पुरातून वाचले. पण त्याबद्दल कधी बोलले नाही. हिरा म्हणते, उपचार घ्या. मी म्हणते, मला काय धाड भरलीये? मग ती अशी एकेक बाई पाठवते. परक्या माणसापुढे तरी तोंड उघडेन म्हणून. म्हणजे पेशंट मी. तुम्ही औषध."

औषध होण्याची पूर्णिमाची पहिलीच वेळ होती. ती सावरून बसली. "सांगा मग."

आनंदीबाईंनी रिकामा कप बाजूला सारला.

"पुतणी होती. चार वर्षांची. पाणी जिना चढत आलं. मी तिचा हात धरला होता. घट्ट धरला होता हो."

"सुटला," पूर्णिमा म्हणाली.

"तुम्हाला कसं कळलं?"

पूर्णिमाने कप खाली ठेवला. दोन वर्षांपूर्वीचा उन्हाळा, सोसायटीचा पोहण्याचा टँक. ऑफिसचा फोन वाजला. एका हातात सोनू होती, दुसऱ्या हाताने पर्समध्ये फोन सापडेना, म्हणून तिने दोन्ही हात लावले. वळून पाहिलं तर सोनू पाण्याखाली. वॉचमनने कपड्यांसकट उडी मारली. पोरगी खोकली, रडली, आणि आइस्क्रीम मागितलं. पूर्णिमाने घरी कुणाला सांगितलं नाही. संमोहनातही नाही.

"फोन उचलला मी, काकू. 'टेस्टिंग झालं का' म्हणून विचारत होते."

"पोरगी वाचली ना?"

"वाचली."

"मग तिला सांग, हात तुझ्याकडून सुटला होता म्हणून. नाहीतर जन्मभर तिला वाटत राहील, पाणीच वाईट असतं."

दोघी रडल्या. मग पूर्णिमाने न्हाणीघरात जाऊन नळ पूर्ण सोडला आणि कोपरापर्यंत भिजत तोंड धुतलं. जिन्यावरूनच तिने माधवला फोन लावला. "सोनूला तयार ठेव, टँकवर जायचंय. पण त्याआधी मला तुम्हा दोघांना काहीतरी सांगायचंय."

मंडईतून भाजी घेऊन हिराताई जिना चढत होत्या. पूर्णिमाला पाहून त्या थांबल्या.

"बोलल्या का आई?"

"सगळं बोलल्या. पुतणीचंसुद्धा. फार रडल्या हो. त्यांना आज एकटं ठेवू नका."

"खूप केलंत आमच्यासाठी," हिराताई म्हणाल्या.

पूर्णिमा दोन-दोन पायऱ्या उतरत गेली. हिराताईंनी आत येऊन भाजीची पिशवी ओट्यावर ठेवली. आनंदीबाई कप विसळत होत्या.

"आई, आज पुतणी? गेल्या आठवड्यात तर धाकटे दीर बुडाले होते."

"त्या बाईचा भाऊ गेला होता. हिची मुलगी आहे." आनंदीबाईंनी कप पालथे घातले. "आणि ते पाणी सकाळी चढलं की दुपारी, कुणाला तरी एकदा विचारून ठेव. मी तेव्हा अमरावतीला कॉलेजात होते."