तिसरा ठिपका

"हे कुठल्या इंजिनाचं आहे, तेवढं ओळखून द्या," असं म्हणत त्या माणसाने फडक्यात गुंडाळलेली वस्तू सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर ठेवली. "पाटी गेलीय, नंबर खाल्लाय गंजाने. जुना छोटा ट्रॅक्टर आहे."

वहिनींनी फडकं उलगडलं. आत गंजलेला, तेलाने काळा झालेला कनेक्टिंग रॉड होता, खालच्या कॅपसकट. कॅपचे दोन बोल्ट दोन जातींचे होते. असला जुगाड बाजारात एकच माणूस करायचा. 

सगळा बाजार त्यांना वहिनी म्हणायचा, कारण नवरा सगळ्यांचा उस्ताद होता. कुठलंही जुनं इंजिन उघडलं की दर वेळी तो कॅपवर पंचने एक ठिपका मारायचा, म्हणजे ते कितीदा उघडलंय हे पुढे उघडणाऱ्याला कळावं. डावखुरा असल्याने ठिपका तिरका पडायचा. त्याची धाकटी बहीण त्याला 'दादाची सही' म्हणून चिडवायची.

आणि एक दिवस उस्ताद आपल्या छोट्या ट्रॅक्टरसकट गेला, तो गेलाच. नणंदेने पोलिसांचे उंबरे झिजवले, फोटो घेऊन गावोगाव हिंडली. वहिनी दुकानातून हलल्या नाहीत. दुकान कोण बघणार? लोक म्हणाले, बाईचं काळीज दगडाचं आहे, म्हणून निभावलं.

"मोजून बघते," वहिनी म्हणाल्या. मोजायची काही गरज नव्हती. उस्तादने सगळ्यांना 'जिन्यावरून पडली' असं सांगितलं, त्या दिवसापासून त्यांचं डावं मनगट नीट वळत नसे. त्यांनी उजव्या हातानेच रॉड जवळ ओढला.

नणंद आतून हात पुसत पुसत आली. "अगंबाई, केवढा गंज! पाण्यात बुडालं होतं की काय?"

"ते मालकांना ठाऊक," माणूस म्हणाला. "मी आपला सांगकाम्या."

"कोण मालक?" वहिनींचा आवाज चिरकला.

"आहेत एक. बेअरिंग मिळेल का, तेवढं सांगा."

 रॉड इथवर आला म्हणजे ट्रॅक्टर सापडला. ट्रॅक्टर सापडला, तर त्याच्याबरोबर आणखी काय काय सापडलं असेल? आणि हा माणूस नेमका त्यांच्याच दारात का आला? तो जायच्या वाटेवरच उभा होता, अगदी निवांत.

"नाही मिळणार," त्या म्हणाल्या. "कंपनीच बंद पडली. भंगारात घाला."

"असं काय वहिनी?" नणंद म्हणाली. "पंपाच्या इंजिनाचं बेअरिंग कडेचे कान घासले की ह्यात बसतं! दादा तेच बसवायचा. वरच्या फळीवर आहे बघा एक जोडी."

"तू आत जा," वहिनी खेकसल्या. नणंद चपापली. वहिनी तिच्यावर कधी ओरडत नसत.

माणूस हसला. "मालक म्हणालेच होते, बाई नाही म्हणतील. म्हणाले, मग कॅप पुसून दाखव."

त्याने फडक्याचं टोक घेतलं आणि कॅपवरचं काळं तेल सावकाश पुसलं. खाली एका ओळीत ठिपके होते. सगळे तिरके.

नणंद गेली नव्हती. तिने रॉड हिसकावून घेतला आणि कॅप उजेडात धरली.

"वहिनी, ही दादाची सही! आपला ट्रॅक्टर आहे हा!" तिने ठिपक्यांवरून बोट फिरवलं. "पण आपल्यावर दोनच होते. दुसऱ्याच्या वेळी दिवा मीच धरला होता. हा तिसरा नवा आहे, बघा ना, आत अजून चकाकतोय. म्हणजे गंजल्यावर इंजिन उघडलंय कुणीतरी. डाव्या हाताने! वहिनी, दादा जिवंत आहे!"

ती रडत वहिनींच्या गळ्यात पडली. वहिनी भीतीने गारठल्या होत्या. 

"मालक बाहेर गाडीत बसलेत," माणूस म्हणाला. "म्हणाले, ओळख पटली की हाक मार."

"दादा!" नणंद अनवाणीच रस्त्याकडे धावली.

बाहेर गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला. वहिनी काउंटर घट्ट धरून उभ्या राहिल्या. पाण्याने भरलेल्या खाणीच्या कडेवर ट्रॅक्टरचा ब्रेक सोडण्याआधी त्यांनी वाकून नीट खात्री करून घेतली होती, की उस्ताद सीटवर गाढ झोपलाय.