एक्केचाळीस माना

दमयंतीबाईंनी पडद्यावरच्या फळ्यावर उत्तर लिहिलं, बारा ओहम. "कळलं?"

एक्केचाळीस माना एकदमच डोलल्या. दहावीच्या ऑनलाइन तासाला मुलांच्या जागी आता त्यांची संगणकाने बनवलेली प्रतिरूपं बसत. विंचरलेले केस, हसरा चेहरा आणि सहभाग शंभर टक्के! खरी मुलं तिकडे झोपा काढत आणि परीक्षेत दाणकन आपटत.

बेचाळिसाव्या चौकटीत मात्र मुरुडची, नुकतीच वर्गात आलेली किमया तांडेल स्वतः बसली होती. ती सारखी डोकं खाजवायची, म्हणून सहभाग मोजणाऱ्या यंत्राने तिला अडतीस टक्केच दिले होते.

"बाई, थांबा ना! बारा कसं? सहा-सहा ओहमचे रोध समांतर जोडलेत. तुम्ही सरळ बेरीज केलीत. तीन यायला हवं!"

बाईंनी गणित पुन्हा तपासलं. प्रतिरूपं आल्यापासूनच्या दोन वर्षांत असं कितीदा चुकलं असेल, आणि कुणी हूं की चूं केलं नव्हतं! त्या खदखदून हसल्या. "अगं बये, चुकलंच की माझं! आता तूच सोडवून दाखव."

किमयाने सोडवलं. तेवढ्यात शेजारच्या चौकटीतलं प्रतिरूप विरलं आणि पिंजारलेल्या केसांचा यासीन डोकावला. "बाई, मला हे कधी कळलंच नव्हतं. परत सांगता?"

तास संपेपर्यंत सतरा खरी तोंडं एकमेकांशी भांडत गणितं सोडवत होती.

लगेच यंत्राचा अहवाल आला, 'वर्गाचा सहभाग चिंताजनकरीत्या घसरला आहे.'

बाईंनी तो छापून घेतला आणि पेढ्यांच्या पुड्यासकट मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवला.