हेस्टरबाईंची हरकत

गोठ्याच्या फाटकावर कौन्सिलची पिवळी नोटीस तिसऱ्यांदा लटकली, आणि दुपारच्या आत शेजारची हेस्टर प्यू चष्मा पुसत ती वाचायला हजर झाली.

"बाबा, आली बघा ती!" ब्रायनी खिडकीतून म्हणाली. "आता कसली खोड काढणार आहे देव जाणे."

विल्फ गेथिन बटाटे सोलत होता. "काढेल काहीतरी. स्वर्गात नेलं तरी दाराच्या रंगाला हरकत घेईल ती," तो म्हणाला, आणि शीळ घालत त्यानं पुढचा बटाटा उचलला.

शीळ घालण्यासारखं काय घडलंय ते ब्रायनीला कळेना. ती, तिचा नवरा आणि जुळी पोरं तिच्या लहानपणीच्या खोलीत कोंबून राहत होती. विल्फला आता मेंढ्यांमागे धावणं झेपत नव्हतं. लेकीनं शेत सांभाळायचं, मोठ्या घरात राहायचं, आणि त्यानं अंगणापलीकडच्या जुन्या दगडी गोठ्याचं घर करून तिकडं जायचं, असं ठरलं होतं. पण गोठ्याचं घर करायला परवानगी लागते, आणि शेजाऱ्यांनी हरकत घेतली की प्रकरण कौन्सिलच्या कमिटीपुढं जातं. या खेपेलाही अडलं, तर ब्रायनीचं बिऱ्हाड बर्मिंगहॅमला परत जाणार होतं. नवऱ्याची तिथली नोकरी आणखी थांबणार नव्हती. मग मेंढ्या विकायच्या, शेतही विकायचं. ब्रायनीला त्या विचारानंच रडू यायचं.

आणि हे सगळं एका म्हातारीपायी!

पहिल्या खेपेला हेस्टरबाईंनी नकाशातली खिडकी धरली. ती त्यांच्या घराच्या बरोब्बर समोर येत होती. "दोन घरांनी एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसायचं, तर टेकडी बघायची कुणी?" त्यांनी कमिटीला विचारलं. विल्फनं खिडकी टेकडीकडं वळवली.

दुसऱ्या खेपेला घुबडं निघाली. माळ्यावर राहतात, त्यांनी जायचं कुठं? विल्फनं घुबडांसाठी लाकडी पेटी ठोकली. आता काही उरलं नाही असं वाटतंय तोच त्याच खेपेच्या सभेत बाईंनी जिना काढला.

"हा जिना माणसांसाठी आहे की माकडांसाठी?"

"मिसेस प्यू," अध्यक्ष म्हणाले, "आतला जिना हा आमचा विषय नाही."

"मग कुणाचा आहे?"

अध्यक्ष मत घ्यायला निघालेच होते. सगळे मंजुरी देणार हे ब्रायनीला चेहऱ्यांवरून दिसत होतं. तेवढ्यात विल्फ उठला आणि त्यानं स्वतःच अर्ज मागं घेतला.

"मिळत होती हो परवानगी!" गाडीत ब्रायनी ओरडली.

"जिना खरंच उभा होता गं," विल्फ म्हणाला.

तेव्हापासून तो नवा नकाशा घेऊन स्वतःच हेस्टरबाईंकडं जायचा. तासन् तास बोलणी खायचा आणि दमून परत यायचा. जेवायचाही नाही. बापाची भूक मेली म्हणून ब्रायनीचा जीव तुटायचा. आई गेल्यापासून त्याला असं कुणी छळलं नव्हतं.

नोटीस लागल्याच्या दुसऱ्या दिवशी ती आलुबुखाराच्या जॅमची बाटली घेऊन शेजारी गेली. हेस्टरबाईंनी बाटली उजेडात धरून पाहिली.

"साखर जास्त झालीय."

"मिसेस प्यू, कुंपणावरून बाबांचं आणि तुमच्या यजमानांचं भांडण झालं होतं, ठाऊक आहे मला. पण आता यजमान नाहीत, ते कुंपणही नाही. सोडून द्या ना."

"ते केव्हाच सोडलं. स्वयंपाकघर उत्तरेला काढलंय तुझ्या बापानं. अंधारकोठडी नुसती. आणि टब नाही. म्हातारपणी उभ्यानं आंघोळ करायची?"

"ते बघतील ना त्यांचं! तुम्ही हे बाबांना सांगा, कमिटीला कशाला?"

"तुझा बाप तोंडानं सगळं कबूल करतो," बाई म्हणाल्या. "माझ्यासमोर मान डोलावतो आणि घरी जाऊन विसरतो. चार लोकांत झालं म्हणजे बांधावं लागतं."

ब्रायनी पाय आपटत घरी आली. "त्या गोठ्यावर डोळा आहे तिचा, बाबा. तिला तो हवाय. मी लिहून देते!"

"असेलही," विल्फ म्हणाला, आणि खोडरबर शोधायला लागला.

कमिटीच्या दिवशी त्यानं कोट इस्त्री केला. दाढी करताना गाल कापून घेतला. एवढा घाबरलेला बाप ब्रायनीनं कधी पाहिला नव्हता. 

"हरकतदार, मिसेस प्यू," अध्यक्षांनी पुकारलं आणि ते खुर्चीत सावरून बसले.

हेस्टरबाई उठल्या. नवा नकाशा नाकाजवळ धरून त्यांनी सावकाश पाहिला. स्वयंपाकघर पूर्वेला आलं होतं. जिन्याचा चढ कमी झाला होता. टब होता. मागच्या दाराशी चिखलाचे बूट ठेवायला फळीसुद्धा होती. ती तर त्यांनी मागितलीही नव्हती.

"माझी काही हरकत नाही," त्या म्हणाल्या.

सभागृहात कुणीतरी टाळी वाजवली. सगळे हात वर गेले. परवानगी मिळाली! ब्रायनी हसत, रडत बापाच्या गळ्यात पडायला वळली, तर बाप जागेवर नव्हता. तो खुर्च्यांच्या रांगा ओलांडून हेस्टरबाईंसमोर जाऊन उभा राहिला होता, टोपी हातात घेऊन.

"कौन्सिलचं झालं, हेस्टर," तो म्हणाला. "आता तू सांग. करतेस लग्न?"

हेस्टरबाईंनी नकाशाची नीट घडी घातली आणि आपल्या पिशवीत टाकली.

"पडदे मी निवडणार."